कानाचं मशीन, ते बसवणाऱ्या मॅडम आणि आम्ही घरातले: नऊ महिन्यांचा अनुभव

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड ही त्यांची लाइन आणि नोकरी बत्तीस वर्षांची. गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावरून एखादी म्हातारी ‘गोंदवलं एक, अर्धं एक’ असं पुटपुटली, की दारापाशी उभ्या अण्णांचा हात तिकिटावर गेलेलाच असायचा, असं त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हर अजून सांगतात. त्याच अण्णांना मागची पाच-सहा वर्षं समोरच्या खुर्चीतून बोललेलं समजेनासं झालं होतं. गेल्या मे महिन्यात त्यांना दोन्ही कानांना मशीन बसवलं. पावसाळा, गणपती, दिवाळी आणि साताऱ्याची थंडी एवढं सगळं त्या मशीननं आता काढलंय, म्हणून लिहायला बसले.

कंपनी कोणती, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. मी ती लिहीत नाही. आमच्या बाबतीत कंपनीपेक्षा मशीन कुणी तपासून, कुणी बसवून, कितीदा बोलावून नीट करून दिलं याला जास्त किंमत होती. मशीनला मी पाचपैकी साडेतीन देईन. बसवणाऱ्या मॅडमना पाचपैकी पाच. आणि त्याआधी ज्या दुकानात आम्ही पैसे घालवले, त्याला एकही नाही. त्या दुकानाचं पुढे सांगते.

अण्णांनी कधीच ‘मला ऐकू येत नाही’ अशी तक्रार केली नाही. ते म्हणायचे, ‘तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता.’ सासूबाई म्हणायच्या, ‘त्यांना पाहिजे ते बरोब्बर ऐकू येतं.’ आणि ते खरंच दिसायचं तसं. दुपारच्या शांत वेळी शेजारचे काका समोर बसून त्यांच्या भरदार आवाजात बोलले, की अण्णा तासभर गप्पा मारायचे. संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून पाठमोरी ‘अण्णा, चहा ठेवू का?’ विचारलं की उत्तर नाही. दोनदा विचारलं की ‘काय?’ आणि तिसऱ्यांदा माझा आवाज चढला की ‘ओरडतेस कशाला?’ मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दिवसभर बोलून आलेली असते. मला वाटायचं, हे मुद्दाम करतात. त्यांना वाटायचं, सून वैतागून बोलते. असं पाच वर्षं चाललं. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

माझ्या लेकीचं तर त्यांच्याशी बोलणंच आटलं होतं. ती तेव्हा पहिलीत होती. ‘आबा, हे बघा’ म्हणून पळत यायची, काहीतरी भराभरा सांगायची आणि अण्णा हसून ‘हो का, छान’ म्हणायचे. एकदा तिनं विचारलं, ‘आबा, मी शाळेत पडले म्हणून छान का म्हणाले?’ त्यानंतर ती त्यांच्याकडे कमी जायला लागली.

बाहेरही तेच. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी स्टँडवर जुन्या जोडीदारांबरोबर बसायचा नेम होता, तो सुटला. गुरुवारचं भजन सुटलं. फोन वाजला की ‘तू घे’ म्हणून नवऱ्याच्या हातात द्यायचे. चारचौघांत बसले तर सगळे हसले की हसायचे, सगळे गप्प झाले की गप्प. आम्ही त्याला ‘वय झालं, शांत झालेत’ असं नाव दिलं होतं.

डोळे उघडले ते एका गोळीमुळे. बीपीची नवी गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणाले, ‘अर्धी घ्या.’ त्यांच्या तोंडाला मास्क होता, डोक्यावर पंखा घरघरत होता, दाराबाहेर पेशंटची गर्दी. अण्णांना ऐकू आलं, ‘आधी घ्या.’ ते ‘बरं’ म्हणाले. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, ‘जेवणाआधी घ्यायची.’ चार दिवस ते अख्खी गोळी रिकाम्या पोटी घेत होते. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीच्या दारात अंधारी येऊन खाली बसले. मी चिठ्ठी काढून पाहिली. गोळीच्या नावापुढे एकाखाली दोन लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अण्णांनी ऐकलं होतं, मी विचारलं होतं, तिघांनीही आपापलं काम केलं होतं आणि तरी गोळी चुकली होती.

त्यानंतर आम्ही मशीनच्या मागे लागलो आणि पहिल्या दोन्ही वेळा फसलो.

पहिलं नवऱ्यानं ऑनलाइन मागवलं, अठराशे रुपयांचं. डब्यावर वयस्कर जोडप्याचा हसरा फोटो होता. ते श्रवणयंत्र नव्हतंच, नुसता आवाज मोठा करणारं यंत्र होतं. त्यात कुकरची शिट्टी मोठी, पंखा मोठा, रस्त्यावरची मोटरसायकल मोठी आणि माणसाचं बोलणं होतं तेवढंच अस्पष्ट, फक्त मोठं. अण्णांनी तासाभरात काढून ठेवलं.

दुसरं एका शहरातल्या दुकानातून घेतलं. तिथल्या माणसानं कानात डोकावून पाहिलं नाही, बंद खोलीत बसवलं नाही, टेबलावरच्या टेबलावर काही आवाज ऐकवले आणि वीस मिनिटांत एका कानाचं मशीन हातात दिलं. चोवीस हजार रुपये. ‘एकच पुरतं, दुसरा कान बरा आहे,’ म्हणाले. घरी आल्यावर ते सतत बारीक शिट्टी मारायचं. अण्णांना ती ऐकू यायची नाही, आम्हाला यायची. परत नेलं तर म्हणाले, ‘सवय होईल.’ तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ज्यांनी विकलं ते सुट्टीवर होते. बिल नीट नव्हतं म्हणून पुढे काही करता आलं नाही. त्या चोवीस हजारांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा राग जास्त येतो. अण्णांनी मनाशी पक्कं केलं, की मशीनचा उपयोग नसतो. त्यानंतर पुन्हा तयार करायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

तिसऱ्या वेळी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून सुरुवात केली. त्यांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला. उजव्या कानात तो घट्ट बसला होता. मग त्यांनीच ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या, मॅडमकडे चिठ्ठी दिली. मॅडमच्या भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. श्रवणयंत्र घ्यायला जाल तिथे हे प्रमाणपत्र बघाच, कारण त्यावर ऑडिओलॉजिस्ट म्हणून नोंद असलेला माणूस कान तपासायचं शिकलेला असतो.

तपासणीला पाऊण तास लागला. आवाज आत येणार नाही अशी छोटी खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. नंतर एक कागद समोर ठेवून मॅडमनी जे समजावलं, ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. कागदावर एक आलेख. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, डावीकडे २५० हर्ट्झची खर्जातली, उजवीकडे ८००० हर्ट्झची तार. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो ते, वरून खाली वाढत जाणारे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. अण्णांची रेघ डावीकडे तिसाच्या आसपास होती, म्हणजे जवळजवळ ठीक. मग ती उतरत गेली आणि ४००० हर्ट्झला थेट ७५ पर्यंत खाली जाऊन पुढे पुन्हा थोडी वर आली. मॅडमनी तो खड्डा पाहिला आणि विचारलं, ‘काम काय करत होतात?’ अण्णा म्हणाले, ‘एसटीत.’ गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या आलेखात ४००० च्या आसपास असा खड्डा पुष्कळदा दिसतो, म्हणाल्या. त्यात वयाचा वाटा किती आणि गाडीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण आतल्या कानातल्या ज्या नाजूक केसपेशी गेल्या त्या परत येत नाहीत, म्हणून मशीन घेऊन कान तिशीतला होणार नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मग त्यांनी त्याच कागदावर पेन्सिलीनं अक्षरं लिहिली. डावीकडे आ, ओ, ऊ, म, न. उजवीकडे स, श, फ, थ, त, क, ख. बोलण्यातला दणदणीतपणा स्वरांत असतो आणि ते खालच्या पट्टीत. शब्द कुठला हे ठरवणारी बरीचशी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच हळू. अण्णांना डावीकडचं सगळं ऐकू येत होतं आणि उजवीकडचं गळून जात होतं. म्हणून त्यांना कुणीतरी बोलतंय हे कळायचं, काय बोलतंय ते नाही. सात, साठ, आठ, हात. यातली व्यंजनं काढून बघा, काय उरतं ते. मॅडमनी तोंडासमोर कागद धरून पंचवीस शब्द म्हटले आणि अण्णांनी ते परत म्हणायचे होते. ‘खीर’ला त्यांनी ‘वीर’ म्हटलं, ‘पाठ’ला ‘आठ’. पंचवीसपैकी चौदा बरोबर आले. मग कागद बाजूला करून तेवढ्याच आवाजात दुसरे पंचवीस म्हटले. एकवीस बरोबर. अण्णा इतकी वर्षं आमचे ओठ वाचत होते आणि ते आम्हाला तर नाहीच, त्यांनाही माहीत नव्हतं.

माझा नि माझ्या लेकीचा आवाज त्यांना का पोचत नव्हता आणि शेजारच्या काकांचा का पोचायचा, तेही त्या कागदावर दिसत होतं. बाईमाणसाचा आणि लहान मुलाचा आवाज वरच्या पट्टीतला. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, ‘मला वाटायचं, हे माझंच ऐकत नाहीत.’

आता मशीनविषयी. कानामागे बसणारं, भुईमुगाच्या शेंगेतल्या दोन दाण्यांएवढं. त्यातून केसासारखी बारीक वायर कानात जाते, टोकाला चिमुकला स्पीकर आणि त्यावर रबरी टोपी. दोन्ही कानांचं मिळून अठ्ठावन्न हजार रुपये झाले. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. दोन कान कशाला, असा आमचाही प्रश्न होता. आवाज कुठून आला हे दोन्ही कान मिळून ठरवतात, आणि गर्दीत बोलणं वेगळं काढायलाही दोन्ही लागतात, असं मॅडमनी सांगितलं. ते पटलं. आता हाक मारली की अण्णा हाकेच्या बाजूला मान वळवतात. आधी ते चारी दिशांना बघायचे.

बसवताना मॅडमनी कानात मशीनशेजारी एक पातळ नळी सरकवली आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते कॉम्प्युटरवर मोजलं. प्रत्येक कानाची आतली वाट लांबीला, रुंदीला वेगळी असते, त्यामुळे कंपनीनं भरून दिलेलं सेटिंग जसंच्या तसं चालत नाही. आधीच्या दुकानात हे झालंच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण आवाज दिलाही नाही. ‘सहा वर्षं जे ऐकलं नाही ते एका दिवसात ओतलं तर मेंदू घाबरतो,’ म्हणाल्या. पहिला आठवडा फक्त घरात, रोज दोन-तीन तास, एका वेळी एकाच माणसाशी बोलायचं. पुढच्या चार भेटींत थोडं थोडं वाढवत नेलं. या भेटींचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तो पहिला आठवडा सोपा नव्हता. वर्तमानपत्राचं पान उलटलं की अण्णा दचकायचे. नळाखाली भांडं पडलं की कान झाकायचे. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय, म्हणायचे. चौथ्या दिवशी मशीन कपाटात आणि अण्णा ओसरीवर. मी मॅडमना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, कानातली रबरी टोपी बदलून भोकं असलेली घातली, भांड्यांचा टणत्कार कमी केला. त्या दिवशी घरी येताना अण्णा अंगणात थांबले आणि म्हणाले, ‘चपलेचा आवाज येतोय. माझ्या.’ स्वतःच्या चपलेचा आवाज शेवटचा कधी ऐकला होता ते त्यांना आठवत नव्हतं. ते पुन्हा फाटकापर्यंत गेले आणि चालत परत आले.

बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. हवेवर चालणारी असते, स्टिकर काढला की हवा आत जाऊन ती सुरू होते, म्हणून काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेवून मग मशीनमध्ये घालायची. परत स्टिकर चिकटवून ती वाचवता येत नाही. आमच्याकडे सहा-सात दिवस जाते. संपायच्या आधी मशीन कानात टूं टूं वाजतं. आज घ्यायचं झालं तर मी मात्र चार्जिंगचं घेईन. त्र्याहत्तर वर्षांच्या बोटांना ती मसुराएवढी बॅटरी पकडताच येत नाही. अण्णांनी दोन गाद्यांच्या फटीत हरवल्या. मग मॅडमनी टोकाला लोहचुंबक असलेली काडी दिली, तेव्हा जमलं. लहान मूल घरात असेल तर बॅटऱ्या उंचावर ठेवा, गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं.

साताऱ्याच्या पावसाळ्यात मशीन एकदा बंद पडलं. जुलैतली गोष्ट, आठ दिवस ऊन नव्हतं. मी घाबरले, वाटलं अठ्ठावन्न हजार गेले. स्पीकरच्या तोंडावर मळ अडवायची छोटी जाळी असते, ती बुजली होती. जाळीचं पाकीट मशीनबरोबरच आलं होतं, ती बदलली आणि चालू. तेव्हापासून रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. थंडीत कानटोपी घातली की कापड मायक्रोफोनवर घासून खरखर होते आणि शिट्टीही मारते. यावर उपाय मिळालेला नाही. अण्णा कानटोपीऐवजी मफलर सैल गुंडाळतात, एवढंच.

ज्या ठिकाणी मशीन कमी पडतं तेही सांगायला हवं. लग्नाचं कार्यालय, जिथे भिंती घुमतात आणि दोनशे माणसं एकदम बोलतात, तिथे त्याचा फार उपयोग नाही. देवळातला माइक, तोही घुमतो. गणपतीच्या मिरवणुकीत अण्णांनी दोन्ही काढून खिशात ठेवली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आमच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत ते कुणी पाळताना मी पाहिलेलं नाही, आणि ज्यांचे कान आज शाबूत आहेत त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते. फोनचं म्हणाल तर अण्णांकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे ब्लूटूथ वगैरे आमच्या कामाचं नाही. फोन कानाच्या भोकाशी धरायचा नाही, कानामागे वर, मायक्रोफोनपाशी धरायचा. हे जमायला पंधरा दिवस गेले. आता अण्णा फोन दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

पण मॅडमना मी पाचपैकी पाच का दिले, ते तिसऱ्या भेटीमुळे. आधीच्या भेटीत त्यांनी सांगितलं होतं, ‘पुढच्या वेळी घरातले सगळे या.’ आम्ही चौघं मोठी आणि लेक असे गेलो. अण्णांना खुर्चीत बसवलं, मशीन चालू. मला म्हणाल्या, ‘घरात बोलता तसं बोला, पण दाराशी जाऊन, पाठ करून.’ मी म्हटलं, ‘अण्णा, भाजीला काय आणू, शेपू की मेथी?’ अण्णांना कळलं, ‘भाजी’. मग एका हाताच्या अंतरावर समोर बसून, त्याच आवाजात. सगळं कळलं. मग म्हणाल्या, ‘आता दाराशीच जाऊन ओरडा.’ मी ओरडले. अण्णांनी तोंड वाकडं केलं आणि ‘भाजीला... काय?’ म्हणाले.

ओरडल्यानं आ आणि ओ मोठे होतात, स आणि त तेवढे मोठे होत नाहीत, हे तेव्हा समोर दिसलं. शिवाय अशा कानाला हळू आवाज येत नाही आणि मोठा सहन होत नाही, मधली जागा अरुंद झालेली असते. म्हणून आधी ‘काय?’ आणि लगेच ‘ओरडतेस कशाला?’ ही दोन्ही वाक्यं खरी होती. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. ओठ वाचणाऱ्या माणसाला तो राग आधी दिसतो, शब्द मागून. मॅडमनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, की मशीन दोन-तीन हातांपर्यंतचं बोलणं आणून देईल, त्यापलीकडचं अंतर तुम्ही चालून यायचं.

तेव्हापासून घरात काही गोष्टी बदलल्या. आधी ‘अण्णा’ म्हणायचं, त्यांनी वर बघितलं की मग बोलायचं. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, चेहरा काळा दिसतो. टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचं काही सांगायचं नाही. मिक्सर लावताना बोलायचं नाही, बोलताना लावायचा नाही. एक वाक्य दोनदा कळलं नाही तर तिसऱ्यांदा तेच म्हणायचं नाही, शब्द बदलायचे. ‘साठ रुपये’ कळत नसेल तर ‘पन्नास आणि दहा’. अण्णांनी ‘बरं’ म्हणायच्या आधी काय कळलं ते सांगायचं. हा शेवटचा नियम त्यांना जड गेला. कळलं नाही म्हणायची लाज माणसाला किती वर्षं गप्प ठेवते, ते मी घरातच पाहिलंय. आता तेच कुठल्याही डॉक्टरकडे गेले की आधी म्हणतात, ‘मला कमी ऐकू येतं, मास्क जरा खाली घ्याल का, नाहीतर लिहून द्या.’ कुणीही अजून नाही म्हटलेलं नाही.

हे सगळं लेकीनं सगळ्यात लवकर उचललं. ती पळत येते, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते, ते बघेपर्यंत थांबते आणि मग बोलते. दुसरीत गेलीय. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून धडा वाचते, आणि ‘श’ नीट म्हटला नाही की अण्णा थांबवतात. शिक्षिका असून मी एवढं बारकाईनं ऐकत नसेन.

पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळतं, ती योजना २०१७ पासून आहे, तालुक्याला शिबिरं लागतात तेव्हा चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ सालची, केंद्र सरकारची, तिथे कानाची तपासणी होते. दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारतात म्हणून सांगते, २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत निदान ६० डेसिबलचं नुकसान लागतं. अण्णांची सरासरी पन्नासच्या आसपास होती, त्यामुळे आम्ही त्यात बसलो नाही. पन्नासला माणूस घरात एकटा पडतो आणि कागदावर दिव्यांग ठरत नाही, याचा विचार कुणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ असतो. यंदा अण्णा एकटे एसटीनं गेले. किती वर्षांनी ते मोजलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा सासूबाईंना सांगत होते, की पुसेगावला एक बाई चढली, हळूच ‘दहिवडी एक’ म्हणाली, आणि आताचा पोरगा कंडक्टर पुढे तिकिटाच्या मशीनमध्ये बघत होता, त्याला ऐकू गेलं नाही. अण्णा मागे वळून म्हणाले, ‘अरे, दहिवडी एक.’

येत्या मंगळवारी पुन्हा सेटिंगला जायचंय. मॅडमनी सांगितलंय, कुठे कमी पडतं ते लिहून आणा. अण्णांनी डायरीच्या मागच्या पानावर त्यांच्या वे-बिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावरच्या, नेटक्या अक्षरात लिहून ठेवलंय: गुरुवारी भजनात टाळ फार मोठे. कोरेगावच्या भाचीचा फोन तुटक. नात आतल्या खोलीतून हाक मारते ती ऐकू येते, पण काय म्हणते ते उठून जावं लागतं.